ड्वार्फ हॅमस्टरची जोडी भांडायला लागली तर

बडोद्यात हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, घरी येतो तो बहुतेक जोडीनेच; त्यातल्या लहान जातींना ड्वार्फ म्हणतात. दुकानदार गुजरातीत सांगतो, "जोडीमां ज लई जाव, एकलो मरी जशे" (जोडीनेच न्या, एकटा मरून जाईल). घरी आजी म्हणते, एकटा जीव कसा राहील बिचारा. मुलांना तर दोन हवेच असतात. सुरुवातीचे काही आठवडे दोघं एकाच कोपऱ्यात अंगावर अंग टाकून झोपतात, तेव्हा सगळ्यांना वाटतं बरं झालं जोडी आणली. मग दोन-चार महिन्यांची झाली, वयात आली, की रात्री पिंजऱ्यातून चिरके आवाज यायला लागतात. एकाच्या कमरेवरचे केस गेलेले दिसतात, कान फाटलेला दिसतो.

अशा वेळी घरोघरी एकच प्रश्न निघतो: यांची पुन्हा दोस्ती कशी करायची? माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्नच बाजूला ठेवावा. एकदा रक्त निघालं की दोघांना वेगळं करायचं, आणि ते कायमचं. रानात हरलेला हॅमस्टर पळून जातो, दूर कुठेतरी बीळ करतो आणि तिथे भांडण संपतं. आपल्या पिंजऱ्यात पळायला जागाच नसते, त्यामुळे जिंकणाऱ्याच्या दृष्टीने भांडण कधी संपतच नाही. दोघांतला एक मरेपर्यंत ते चालू राहू शकतं, आणि ३०-४० ग्रॅमच्या जिवाच्या बाबतीत ते एका रात्रीतही होतं.

आत्ता, या क्षणी मारामारी चालू असेल तर

हात घालू नका. एकमेकांना धरून लोळणारे दोन हॅमस्टर चिंध्यांच्या चेंडूसारखे दिसतात, कुणाचं तोंड कुठे आहे तेच कळत नाही, आणि त्या अवस्थेत ते समोर येईल त्याला कडकडून चावतात. जाड पुठ्ठा किंवा प्लास्टिकचा सपाट झाकणासारखा तुकडा दोघांच्या मध्ये सारा. सुटले की एकावर स्टीलचा मग किंवा मोठी वाटी उपडी घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि तसाच उचलून दुसऱ्या डब्यात ठेवा. पुठ्ठा नसेल तर जाड टॉवेल दोघांवर टाकला तरी अंधारामुळे पकड सुटते. पाणी मारू नका. भिजलेला हॅमस्टर गारठतो.

दुसरा डबा म्हणजे रात्रीपुरती कुठलीही खोल, गुळगुळीत बाजूंची प्लास्टिकची टब चालते. तळाशी टिश्यू पेपर किंवा न छापलेला कागद फाडून टाका, थोडं नेहमीचं खाणं, काकडीचा एक तुकडा आणि शक्य असेल तर पाण्याची बाटली. बाजू निदान एक फूट उंच हव्यात आणि वर जाळी हवी. घरात मांजर असेल तर हे खोलीचं दार बंद करून करा.

चुकून तुम्हाला चावला असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली नीट धुवा आणि टीटीचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

जखम शोधताना

हॅमस्टरची फर दाट असते आणि चावल्याची भोकं सुईएवढी. वरून पाहून "काही झालेलं नाही" असं म्हणणं धोक्याचं आहे. स्वच्छ काचेचा मोठा बाऊल घ्या, त्यात हॅमस्टर ठेवा, बाऊल डोक्यापेक्षा थोडा वर धरून खालून बघा. पोट, मांड्या, शेपटीखालचा भाग, सगळं दिसतं, आणि त्याला हातात दाबून उलटं करावं लागत नाही. भांडणात सगळ्यात जास्त चावे कमरेच्या मागे, जननेंद्रियांजवळ आणि पोटावरच बसतात. नंतर बाऊल टेबलावर ठेवा आणि पाठीवरच्या केसांवर हलकी फुंकर मारत कातडी उघडी करत जा. सुकलेल्या रक्ताने चिकटलेले केस, कानाची कातरलेली कड, अर्धवट मिटलेला डोळा, पाय उचलून चालणं: जे दिसेल ते फोनवर फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतात, आणि दोन दिवसांनी सूज वाढली की नाही हेही त्यावरून कळतं.

दोघांचंही वजन करा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. ४० ग्रॅमचा हॅमस्टर ३६ वर आला असेल तर त्याने दहावा हिस्सा गमावलाय, आणि त्याचा अर्थ बहुधा असा की दुसरा त्याला बरेच दिवस खाऊ देत नव्हता.

एवढ्याशा अंगात एकूण रक्त किती असतं याचा अंदाज हवा. ४० ग्रॅमच्या प्राण्यात ते जेमतेम ३ मिली, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. त्यामुळे "थोडंच रक्त आलं" असं आपल्याला वाटतं तेव्हा त्याच्यासाठी ते थोडं नसतं. स्वच्छ गॉझ जखमेवर हलकेच दाबून धरा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर सकाळची वाट न बघता डॉक्टर शोधा.

डॉक्टर, आणि घरातली औषधाची पेटी

जखम धुवायला मेडिकलमध्ये मिळणारं नॉर्मल सलाईन वापरा, बाकी काही नको. डेटॉल नको. हळद तर अजिबात नको, आपल्या घरात हात आधी तिकडेच जातो म्हणून मुद्दाम सांगते. तिचा जखमेवर थर बसतो, हॅमस्टर ती चाटत राहतो, आणि पिवळ्या रंगाखाली लाली किंवा पू दिसत नाही. माणसांची दुखण्याची गोळी, मलम, क्रीम यांतलं काहीही स्वतःच्या मनाने लावू नका.

सगळ्यात महत्त्वाचं अँटिबायोटिकचं. घरात मुलाच्या तापाचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप असतं आणि "एक थेंब देऊन बघू" असं वाटतं. देऊ नका. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जीवाणू मारतात, मग घातक जीवाणू माजतात आणि जुलाब होऊन तो दगावतो. जखमेने मेला नसता तो औषधाने मरतो. हॅमस्टरला चालणारी वेगळी अँटिबायोटिक्स आहेत, पण त्यांचा डोस वजनावरून काढावा लागतो आणि ते काम पशुवैद्यांचंच.

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर बडोद्यात भरपूर आहेत, पण सगळेच हॅमस्टर बघतात असं नाही. आधी फोन करून सरळ विचारा: "तुम्ही हॅमस्टर तपासता का?" हा नंबर भांडण व्हायच्या आधीच फोनमध्ये असलेला बरा. आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शहरात कुणी मिळालं नाही तर तिथेही फोन करून विचारून बघावं. नेताना छोट्या डब्यात त्याचंच बेडिंग (पिंजऱ्याच्या तळाशी पसरलेला कागद वगैरे) घाला, वर भोकं पाडा, आणि उन्हाळा असेल तर सकाळी दहाच्या आत रिक्षा करा.

जखम बरी होईपर्यंत त्याच्या डब्यात भुसा किंवा वाळू नको, पांढरा टिश्यू पेपरच ठेवा, रोज बदला. त्यावर रक्ताचा किंवा पूचा डाग लगेच दिसतो. पावसाळ्यात माश्या उघड्या जखमेवर अंडी घालतात, म्हणून डब्यावर बारीक मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा. चाव्याच्या जागी काही दिवसांनी टणक गाठ आली तर बहुधा आत पू साठलाय. ती दाबू नका, डॉक्टरांकडे न्या.

नुसती कुरबुर कोणती आणि खरी मारामारी कोणती

प्रत्येक चिरक्या आवाजाला घाबरायचं कारण नाही. एकाने दुसऱ्याला ढकलून पळायच्या चाकावर चढणं, झोपेत पाय लागला म्हणून चीं करणं, मागच्या पायांवर उभं राहून क्षणभर एकमेकांना हातांनी ढकलणं, एक जण पाठीवर पडून हार मानतो आणि दुसरा वास घेऊन निघून जातो, हे चालायचंच. दोन गोष्टी बघा. प्रसंग काही सेकंदांत मिटतो का? आणि नंतर दोघं पुन्हा एकत्र झोपतात का?

मिटत नसेल, पाठलाग पिंजराभर चालू राहत असेल, दातांचा कटकट आवाज येत असेल, लोळून मारामारी होत असेल, तर ती मारामारीच.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आवाज न करणाऱ्या भांडणाची. एक हॅमस्टर पुठ्ठ्याच्या नळीत आत बसलाय. दुसरा नळीच्या तोंडाशी बसून शांतपणे मिशा साफ करतोय. बघणाऱ्याला वाटतं, किती गोड, एकत्र बसलेत. दहा मिनिटांनी बघा, अर्ध्या तासाने बघा: आतला बाहेर यायला नाक पुढे करतो, बाहेरचा मान वळवतो, आतला मागे सरकतो. ही नाकेबंदी आहे. आतल्याला पाणी मिळत नाही, खाणं मिळत नाही, चाक मिळत नाही. त्याच्या अंगावर एकही ओरखडा नसतो, पण वजन उतरत जातं. रात्री जेवणं आटोपली की लाईट मंद करून अर्धा तास पिंजऱ्यासमोर बसलात तर हे दिसतं. दिवसा दोघं झोपलेले असतात तेव्हा काही कळत नाही. एकटाच घरट्याबाहेर, पिंजऱ्याच्या उघड्या कोपऱ्यात झोपणारा हॅमस्टर दिसला तर तेही याचंच लक्षण समजा, आणि वेगळे करा.

आपल्याकडे नेमके कोण आहेत?

दुकानातल्या नावावर विसंबू नका. "ड्वार्फ" म्हणून दिलेलं पिल्लू सिरियन जातीचं निघू शकतं. सिरियन मोठा होऊन १२ ते १५ सेंमी किंवा जास्त होतो आणि तो कटाक्षाने एकटा राहणारा प्राणी आहे. वयात आल्यावर दोन सिरियन एका पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे एकाचा जीव घालवणं. चायनीज हॅमस्टर अंगाने लांबट, शेपूट स्पष्ट दिसणारा, तोही एकटाच बरा.

खरे ड्वार्फ तीन. रोबोरोव्हस्की सगळ्यात लहान, ५ सेंमीच्या आसपास, वाळूच्या रंगाचा, डोळ्यांवर पांढऱ्या भुवया आणि पाठीवर पट्टा नाही. कॅम्पबेल तपकिरी-करडा, पाठीवर बारीक पट्टा. विंटर व्हाइट जास्त राखाडी, पट्टा जाड आणि गडद. बाजारात कॅम्पबेल आणि विंटर व्हाइट यांची सरमिसळ झालेली पिल्लंच जास्त असतात. दोन रोबोरोव्हस्कींची किंवा दोन कॅम्पबेलची जोडी कधी कधी टिकते, विंटर व्हाइटची त्याहून कमी वेळा. टिकली तरी ती एकाच वेतातली, लहानपणापासून एकत्र असलेली भावंडं असतात. दोन वेगळ्या जाती एकत्र ठेवणं तर सोडूनच द्या.

नर-मादी ओळखायलाही काचेचा बाऊलच उपयोगी. मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतलं अंतर नरात जास्त, मादीत दोन्ही जवळजवळ चिकटलेली. नराच्या पोटावर मधोमध पिवळसर ग्रंथीचा ठिपका ठळक दिसतो, आणि गरमीत वृषणं खाली उतरतात ती सहज कळतात. पिल्लांत ओळख चुकते, म्हणून दुकानदाराने "दोन्ही नर" सांगितलं असलं तरी स्वतः तपासा.

नर-मादी निघाले तर भांडणाचं कारण वेगळंही असू शकतं: मादी गाभण असेल. गर्भकाळ साधारण १८ ते २२ दिवसांचा. त्या काळात ती घरट्याजवळ कुणाला फिरकू देत नाही. कॅम्पबेल जातीचा नर बाळंतपणात मदत करतो, पिल्लं चाटून साफ करतो, हे खरं आहे. तरी मी नराला आधीच वेगळं करायला सांगेन, कारण व्यायल्यावर एका दिवसाच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते. वेगळे केल्यावरही तीन आठवडे लक्ष ठेवा. पिल्लं झालीच तर पहिले दोन आठवडे घरट्याला हात लावू नका, पिंजरा धुवू नका, फक्त खाणं-पाणी वाढवा. आई घाबरली तर पिल्लं खाते. तीन आठवड्यांची झाली की पिल्लं आईपासून सुटी होतात, आणि चौथा आठवडा पुरा व्हायच्या आत नर एकीकडे, माद्या एकीकडे झालेच पाहिजेत.

दुसरा पिंजरा

खर्चाच्या नावाखाली अनेक जण इथेच अडतात आणि दोघांना "थोडे दिवस बघू" म्हणून पुन्हा एकत्र टाकतात. तसं करू नका. दुकानातला रंगीत नळ्यांचा, दोन मजल्यांचा पिंजरा तसाही एकालाही अपुरा असतो. एका हॅमस्टरला निदान १०० सेंमी लांब आणि ५० सेंमी रुंद सपाट जागा हवी.

सुताराकडून पेटी करून घेणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं. प्लायची ८ बाय ४ फुटांची एक शीट घ्या आणि दुकानातच तिचे ४ बाय २ फुटांचे चार सारखे तुकडे करून मागा. एक तळ, दोन लांब बाजू, आणि चौथ्याचे मधून दोन केले की दोन आखूड बाजू. एका शीटमध्ये १२० बाय ६० सेंमीची पेटी झाली, काही वाया गेलं नाही. समोरच्या बाजूचा वरचा भाग कापून तिथे जाळी बसवा, वरचं झाकणही जाळीचंच; बडोद्याच्या हवेत बंद पेटी भट्टी होते. जाळीची भोकं ६ मिमीपेक्षा मोठी नकोत, रोबोरोव्हस्की त्याहून थोड्या मोठ्यातूनही निसटतो.

आत १५ ते २० सेंमी जाड बेडिंग भरा म्हणजे त्याला बीळ करता येईल. न छापलेल्या कागदाचे बारीक तुकडे उत्तम. सुताराकडचा बारीक भुसा नाकात जातो, तो टाळा. पाईन आणि देवदाराच्या वासाचा भुसाही नको. चाक २० सेंमीचं, आतून सपाट, गजांचं नाही.

दोन पिंजरे एकमेकांना चिकटवून ठेवू नका. आपल्याला वाटतं, निदान एकमेकांना बघतील. पण त्यांना एकमेकांचा वास येत राहतो, आणि ज्याने मार खाल्लाय त्याला शत्रू शेजारीच बसल्यासारखं होतं. वेगळी खोली असेल तर चांगलं, नाहीतर खोलीची दोन टोकं. जुन्या पिंजऱ्यात कोण राहणार? मार खाल्लेल्याला नव्या, बिनवासाच्या जागी न्या. एकाला हाताळून दुसऱ्याला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा.

आणि आजींना सांगा: तो एकटा पडलेला नाही. पहिले काही दिवस इकडेतिकडे वास घेत फिरेल, मग बीळ करेल, खाणं साठवेल, रात्रभर चाक फिरवेल. दबलेला हॅमस्टर वेगळा झाल्यावर कसा पोटभर खायला लागतो, उघड्यावर पाय पसरून झोपायला लागतो, हे घरातल्या सगळ्यांनी बघण्यासारखं असतं.

रक्त निघालेलं नाही, फक्त कुरबुर वाढलीय

तर जोडी टिकवायचा एक प्रयत्न करता येतो, पण दुसरा पिंजरा तयार ठेवूनच. सगळं दोन-दोन करा: दोन चाकं, दोन बाटल्या, दोन घरटी, आणि ती पिंजऱ्याच्या दोन टोकांना, म्हणजे एकाला दोन्हींवर राखण करता येणार नाही. खाणं वाटीत न देता बेडिंगवर विखरून टाका. एकच तोंड असलेलं घर काढून टाका. प्रत्येक लपायच्या जागेला दोन दारं हवीत. वरचे मजले, अरुंद नळ्या काढा, कोंडीत तिथेच पकडलं जातं.

साफसफाईची पद्धतही बदला. रविवारी सगळा पिंजरा रिकामा करून साबणाने धुतला की दोघांचा ओळखीचा वास नाहीसा होतो आणि सोमवारी ते परक्यासारखे एकमेकांवर धावून जातात. लघवीचा कोपरा रोज काढा, बाकीचं बेडिंग तीनातला एक भाग या हिशेबाने बदला, जुनं थोडं नव्यात मिसळा.

एक जण सारखा बाटलीपाशी बसून पाणी पीत असेल आणि दुसऱ्याला हुसकावत असेल तर मधुमेहाचा संशय घ्या. कॅम्पबेल आणि मिश्र जातीत तो आढळतो. फळं, बिस्किटं, मुलांनी प्रेमाने दिलेला जिलेबीचा तुकडा, सगळं बंद करून डॉक्टरांना दाखवा.

एवढं करून आठवड्याभरात फरक पडला नाही, किंवा मध्येच एक जरी जखम दिसली, तर वेगळे करा.

बडोद्याचा उन्हाळा आणि सणांच्या रात्री

हॅमस्टरला १८ ते २४ अंश सेल्सिअस मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. गरमीत बेजार झालेली जोडी जास्त चिडते, घरट्यातली थंड जागा एकच असेल तर त्यावरूनच जुंपते. एसी असलेल्या खोलीत पिंजरा हलवा. नसेल तर पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, खालच्या मजल्यावर, जमिनीवर ठेवा, आत फरशीचे दोन मोठे तुकडे ठेवा आणि गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून पिंजऱ्याबाहेर टेकवा. कूलरची हवा थेट अंगावर नको. हॅमस्टर आडवा पडून जोरात धापा टाकत असेल तर ती आणीबाणी आहे.

नवरात्रात मैदानाशेजारी घर असेल तर रात्री उशिरापर्यंत स्पीकरचे हादरे भिंतीतून येतात, आणि नेमकी तीच यांची जागं असायची वेळ. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणात, १४ आणि १५ जानेवारीला, गच्चीवर दिवसभर गाणी आणि आरडाओरड, म्हणजे झोप मोडते. त्या दिवसांत पिंजरा मधल्या खोलीत, रस्त्यापासून आणि जिन्यापासून लांब ठेवा, पाहुण्यांच्या मुलांना हातात देऊ नका. जोडी अजून एकत्र असेल तर या रात्री विशेष लक्ष ठेवा.

दोन पिंजरे ठेवणं जमणारच नसेल तर

एकाला ओळखीच्या घरी द्या. कमाटीबागेत किंवा विश्वामित्रीच्या काठावर "मोकळा" सोडू नका. मांजर, कावळा, घूस किंवा ऊन, यांतलं काहीतरी त्याला एका दिवसात गाठतं. दुकानदाराला परत दिला तर तो पुन्हा दुसऱ्या कुणाबरोबर एका पिंजऱ्यात टाकला जाईल, म्हणून तेही नको. ज्यांना द्याल त्यांना भांडणाचं खरं सांगा, म्हणजे ते हौसेने जोडीदार आणणार नाहीत. मागे राहिलेल्यालाही नवा जोडीदार आणू नका. देताना त्याचं चाक, त्याचं घरटं, दोन मुठी जुनं बेडिंग आणि आठवडाभराचं नेहमीचं खाणं बरोबर द्या, आणि पहिले तीन-चार दिवस त्याला हातात न घेता फक्त खाणं-पाणी द्यायला सांगा.